मान्यतेला फ्रेम किती इंचाची?

फ्रेमच्या दुकानात वस्तू टिकत नाहीत, किस्से टिकतात. गिऱ्हाईक सर्टिफिकेट घेऊन येतं, ते कसं मिळालं हे उभ्याउभ्या सांगतं आणि चार दिवसांनी काच बसवलेलं सर्टिफिकेट घेऊन निघून जातं. सांगितलेलं मात्र इथंच सांडतं, लाकडाच्या भुशासारखं. किती झाडलं तरी संध्याकाळी पायाला लागतंच.

माझं दुकान काशीत, दुर्गाघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. आजोबांनी ते देवांच्या तसबिरींसाठी काढलं. वडिलांच्या वेळी लग्नाचे फोटो आले. माझ्या वेळी सर्टिफिकेटं. देव कमी झाले, गुणवान वाढले. माझी स्वतःची शाळा आठवीत सुटली, पण लोकांच्या पदव्यांना काच लावता लावता मी इतकं वाचलंय की आता कागद हातात आला की तो किती दिवसांत मिळाला असेल हे वजनावरून सांगतो. कागद जितका जाड, तितका कोर्स पातळ.

दुकानासमोर दगडी चौथरा आहे. त्यावर आमची बैठक. एक गजाननशास्त्री, दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं पिंडदान वगैरे करणारे. दुसरे विनायकराव, बँकेतून निवृत्त. तिसरा मी, दुकानाच्या आतून तोंड बाहेर काढून.

आता जे सांगतोय ते विनायकरावांना एनएलपी झालं तेव्हाचं.

* * *

‘झालं’ असं शास्त्रीबुवाच म्हणायचे. जसं कुणाला मलेरिया होतो.

एनएलपी म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग. समोरच्याचं बोलणं, बसणं, बघणं नीट हेरायचं आणि आपल्या बोलण्यानं त्याचं मन वळवायचं, अशी ती विद्या. विनायकराव दिल्लीला एका हॉटेलात आठवडाभर जाऊन आले आणि येताना ‘प्रॅक्टिशनर’ होऊन आले. सर्टिफिकेटावर पंख पसरलेला सोनेरी गरुड.

“सदाशिवराव, फ्रेम चांगली घाला. आंतरराष्ट्रीय आहे.”

“यात काय शिकवलं?” मी विचारलं.

“माणसाचे डोळे कुठं जातात त्यावरून तो आठवतोय की रचतोय ते कळतं. शास्त्रीबुवा, सांगा पाहू, काल रात्री काय जेवलात?”

शास्त्रीबुवांचे डोळे वर उजवीकडे गेले आणि तिथंच थांबले.

“बघा,” विनायकराव मला म्हणाले, “वर उजवीकडे. म्हणजे हे चित्र रचतायत. जेवले एक, सांगणार दुसरं.”

“मी काही रचत नाहीये,” शास्त्रीबुवा वरच बघत म्हणाले. “ते आधीच रचलेलं आहे. तुमच्या मागच्या छज्ज्यावर बसलंय आणि तुमच्या चष्म्याकडे बघतंय.”

विनायकराव वळेपर्यंत माकड चष्मा घेऊन वर गेलंसुद्धा. अर्धा डझन केळी दिल्यावर मग त्यानं तो खाली टाकला.

“रचलं होतं की आठवत होतं हो?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

* * *

सहा महिन्यांत विनायकरावांना कळलं की गरुडवाल्यांना दुसरी संस्था मानतच नाही. त्या संस्थेची खूण म्हणजे पेटता दिवा. दिवेवाल्यांचं म्हणणं, आठवड्यात कुणी प्रॅक्टिशनर होत नाही. आमच्याकडे चार महिने लागतात, वर अनुभवी माणसाच्या नजरेखाली सराव लागतो. गरुडवाल्यांचं म्हणणं, मेंदू झटक्यात शिकतो. चार महिने लागत असतील तर शिकवणाराच कच्चा. तिसरी एक साखळीच्या खुणेची संस्था होती, तिचं सगळं ऑनलाइन. तिला पहिल्या दोघी मानत नव्हत्या आणि तिला ते ठाऊकच नव्हतं.

विनायकराव हैराण. “अहो, विद्या एक, मग संस्था तीन कशा?”

शास्त्रीबुवांना यात नवल वाटलं नाही. घाटावर प्रत्येक पंड्याचं निशाण असतं. बांबूवर झेंडा, झेंड्यावर हत्ती, मासा, नारळ, काहीतरी. खेड्यातून आलेल्या यात्रेकरूला नाव लक्षात राहत नाही, हत्ती राहतो.

“आमच्या शेजारी दोन सख्खे भाऊ,” शास्त्रीबुवा म्हणाले, “बापाचं निशाण हत्ती. भांडण झालं. धाकट्यानं दोन हत्ती लावले. थोरला म्हणतो, खरा हत्ती एकच असतो. धाकटा म्हणतो, ज्याच्याकडे दोन, तो मोठा.”

“आणि यात्रेकरू?”

“तो हत्ती बघतो आणि जो आधी हात धरेल त्याच्याबरोबर जातो.”

विनायकरावांनी तिन्ही संस्थांना सरळ पत्र टाकलं: आपल्याला मान्यता कुणाची?

गरुडवाल्यांचं उत्तर आलं, ‘आमच्या संस्थेला आमच्या संस्थापकांची मान्यता आहे.’ दिवेवाले म्हणाले, ‘आमचे निकष सर्व मान्यताप्राप्त संस्थांनी स्वीकारले आहेत. जिनं स्वीकारले नाहीत ती मान्यताप्राप्त नाही.’

साखळीवाल्यांचं उत्तर मिनिटभरात आलं. ‘अभिनंदन, आपलं सभासदत्व मंजूर झालं आहे.’

* * *

इथपर्यंत हसण्यावारी होतं. मग पुण्याहून निखिलचा फोन आला.

निखिल विनायकरावांचा एकुलता मुलगा. पुण्यात मोठ्या कंपनीत एचआरमध्ये. त्यानं आईवडिलांसाठी शेजारचाच फ्लॅट घेऊन ठेवलेला. त्याच्या आईचे, पुष्पावहिनींचे, गुडघे दुखायचे आणि आमच्या गल्ल्यांत रिक्षासुद्धा शिरत नाही. घरून निघालं तरी पायऱ्या, घरी आलं तरी पायऱ्या. मुलाचं चुकत नव्हतं.

पण विनायकराव इथंच जन्मले, बदलीच्या नोकरीतही फिरून फिरून इथंच आले. वहिनी इथल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. चार घरांत अजून त्यांना विचारल्याशिवाय लग्नं ठरत नाहीत. आणि आता माझ्या दुकानावरच्या खोलीत विनायकरावांचे वर्ग सुरू झाले होते. शाळेतल्या बाई, हॉटेलातले रिसेप्शनवाले, दोन गाइड. बरे चालले होते.

फोन स्पीकरवर होता. निखिल म्हणाला, “बाबा, हे काम असेल तर रहा तिथं. टाइमपास असेल तर इकडे या. मी अडवत नाही.”

“हे काम आहे,” विनायकराव म्हणाले.

“मग कुठल्यातरी धड संस्थेनं लिहून द्यावं की तुम्ही स्वतंत्र केंद्र चालवू शकता. गरुडवाल्यांचं नको, ते आमच्याकडे वॉचमनकडेसुद्धा आहे. दिवेवाल्यांचं आणा. पुढच्या आषाढापर्यंत. नाहीतर मी ट्रक पाठवतो.”

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्या बिल्डिंगमध्ये मी पंधरा दिवस राहून आलेय. लिफ्टमध्ये माणसं भेटतात, पण सगळी वर आकडे बघत उभी राहतात.”

* * *

विनायकरावांनी दिवेवाल्यांचा चार महिन्यांचा कोर्स इमानदारीत केला. शेवटी परीक्षा घ्यायला बेंगळुरूहून एक बाई आल्या. हिंदी त्यांना जेमतेम यायची, बनारसी बोली तर नाहीच. परीक्षा ‘रॅपो’ची. म्हणजे अनोळखी माणसासमोर बसायचं, त्याच्या हालचालींना आपल्या हालचाली जुळवायच्या, आणि तो आपला झाला पाहिजे.

अनोळखी माणूस म्हणून आम्ही पलीकडच्या गल्लीतले साडीवाले गुप्ताजी आणून बसवले. त्यांनी नुकतंच पान तोंडात टाकलं होतं.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बनारसी माणसाच्या तोंडात पान जमलं की तो ते कुणासाठी थुंकत नाही. देवासाठी थुंकेल, पण परीक्षेसाठी नाही. तो हनुवटी आकाशाकडे करतो, ओठांचा चंबू करतो आणि “ऊँ” म्हणतो. या “ऊँ”चे हो, नाही, बसा, निघा, बघू आणि तुमचं कोण विचारतो, असे सगळे अर्थ होतात.

विनायकरावांनी आयुष्यात पान खाल्लेलं नाही. पण शिकलेलं शिकलेलं. त्यांनीही हनुवटी वर केली.

गुप्ताजी म्हणाले, “ऊँ.”

विनायकराव म्हणाले, “ऊँ.”

गुप्ताजींनी मान डावीकडे कलवली. विनायकरावांनीही कलवली. गुप्ताजींनी गुडघा हलवला. यांनीही. बराच वेळ दोघं एकमेकांकडे नाकाच्या शेंड्यावरून पाहत गुरगुरत राहिले. बाई भराभर लिहीत होत्या.

निकाल तिथंच सांगितला: ‘नि:शब्द संवाद असामान्य. समोरच्या व्यक्तीशी एकरूपता झाल्याचं मी प्रथमच पाहिलं.’

बाई गेल्यावर गुप्ताजी शांतपणे नाल्यापर्यंत गेले, तोंड मोकळं केलं, परत आले आणि म्हणाले, “ई कौन रहीं, गुरू?”

* * *

तरीही केंद्राची परवानगी मिळाली नाही. दिवेवाल्यांच्या नियमाप्रमाणे त्यासाठी त्यांच्याच संस्थेचा ‘मास्टर’ दर्जाचा माणूस लागतो. त्यानं प्रत्यक्ष येऊन, शिकवताना बघून, हो की नाही ते लिहायचं. आणि असा मास्टर आमच्या बाजूला एकही नव्हता.

विनायकरावांनी वाट बघत वर्ग चालू ठेवले. एकदा शास्त्रीबुवाही वर गेले. त्या दिवशी धडा ‘अँकर’चा होता. मन शांत असताना शरीराची एक जागा दाबून ठेवायची. मग पुढं कधीही ती दाबली की मन शांत होतं. विनायकरावांनी उजव्या कानाला हात लावून दाखवला.

“हे श्रोत्राचमन,” शास्त्रीबुवा म्हणाले. “विधीत अडखळलं की आम्ही उजव्या कानाला हात लावतो. मुंज झाल्यापासून करतोय.”

“कुणी शिकवलं?”

“वडिलांनी. तोच कान पिरगाळून.”

“मग इतकी वर्षं कान धरूनसुद्धा,” विनायकराव म्हणाले, “तुम्ही यजमानांवर एवढे ओरडता का?”

शास्त्रीबुवांनी थोडा विचार केला. मग खाली येऊन मला म्हणाले, “शेठ, याला परवानगी द्यायला हवी.”

* * *

ज्येष्ठात एक दिवस निखिल अचानक दुकानात उभा. हातात पुठ्ठ्याची गोल नळी.

“काका, बाबा वर आहेत का?”

“वर्ग चालू आहे. बस.”

“नाही, आधी हे घ्या. फ्रेम करा. बाबांना सांगू नका.”

नळीतून सर्टिफिकेट निघालं. पेटता दिवा. खाली ‘मास्टर प्रॅक्टिशनर’ आणि निखिलचं नाव. कागद असा जाड की नळीतून काढल्यावरही गोलच राहिला.

“तू कधी चार महिने बसलास?”

“कंपनीनं पाठवलं. तीस जणांची बॅच होती, त्यामुळे फास्ट ट्रॅक दिला. शनिवार-रविवार.”

“आणि दिवेवाले तर आठवड्यात सुद्धा कुणी शिकत नाही म्हणतात.”

“एकेकटा शिकत नाही, काका. तीस जण शिकतात.”

मी त्याला बडीशेप दिली. व्यापारी माणसाला अशा वेळी दुसरं काय सुचणार? मग त्यानं खरं सांगितलं. संस्थेनं सगळ्या मास्टर लोकांना विचारलं होतं, वाराणसीला एका केंद्राची पाहणी आहे, कोण जाईल? यानं हात वर केला.

“अरे, पण तू मुलगा आहेस त्यांचा.”

“मी ते कळवलं. ते म्हणाले, निकषांत मुलाला मनाई नाही. फक्त जाहीर केलं की पुरे.” मग तो आवाज उतरवून म्हणाला, “काका, मी ‘नाही’ लिहिणार आहे. आत्ता येताना आई मला दिसली. त्या कोपऱ्यावरच्या चार पायऱ्या चढताना दोनदा भिंतीला टेकली. बाबांचं सर्टिफिकेट मोठं की आईचे गुडघे?”

मी एवढंच विचारलं, “पाहणी कधी?”

“आषाढी पौर्णिमेला. रविवार आहे, मला सुट्टी.”

“त्या दिवशी काय असतं ते माहीत आहे ना?”

“काय असतं?” निखिल म्हणाला. पुण्यात रुळलेल्या मुलाला फ्लॅटचा दर पाठ असतो, तिथी नसते.

* * *

आता शेवटचं.

आषाढी पौर्णिमा म्हणजे गुरुपौर्णिमा. आमच्या शहरात रिक्षावाला गुप्ताजींना गुरू म्हणतो, गुप्ताजी पोलिसाला गुरू म्हणतात, पोलीस बैलाला. इथं सगळे गुरू, शिष्य म्हणून कुणी सापडत नाही. पण त्या एका दिवशी मात्र खरे गुरू शोधून त्यांच्या पायावर डोकं ठेवतात.

पाहणीला कोण येणार हे संस्थेनं विनायकरावांना कळवलं होतंच. निखिल सकाळी वर जाऊन बसला. मांडीवर टॅबलेट. विनायकरावांनी नेहमीसारखा वर्ग घेतला. मुलाकडे एकदाही बघितलं नाही. संपल्यावर निखिल खाली आला आणि माझ्या दुकानासमोर उभा राहिला. टॅबलेटवर शेवटचा एकच प्रश्न होता: हा प्रशिक्षक आपल्या ठिकाणी स्वतंत्र केंद्र चालवू शकतो का? खाली दोन चौकोन.

वहिनी चौथऱ्यावर बसल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. शास्त्रीबुवा शेजारी.

मग जिन्यावरून विनायकराव उतरले. धोतर, उपरणं, हातात नारळ आणि फुलं. वाटलं, देवळात निघाले. ते सरळ निखिलसमोर आले, नारळ त्याच्या पायाशी ठेवला, उपरणं सावरलं आणि खाली वाकले.

“बाबा, काय करताय?”

“गुरुपौर्णिमा आहे,” विनायकराव वाकलेल्या अवस्थेत म्हणाले. “संस्थेनं गुरू नेमलाय. प्रथा आहे.”

निखिल मागं सरकायला गेला. मागं गाय उभी होती. आमच्या गल्लीत गाय आडवी उभी राहिली की गल्ली संपते. डावीकडे माझी काचेची शोकेस, उजवीकडे आई.

“बाबा, उठा. लोक बघतायत.”

बघत होतेच. दूधवाला थांबला, वरच्या खिडकीतून दोन बायका वाकल्या, गुप्ताजी हनुवटी वर करून आले. “का भइल?” कुणी विचारलं. “बाप बेटवा के गोड़ लागत हौ,” दुसऱ्यानं सांगितलं, म्हणजे बाप मुलाच्या पाया पडतोय.

विनायकरावांचं कपाळ मुलाच्या बुटापासून वीतभर राहिलं होतं.

“नमस्कार निकालाच्या आधी करायचा की नंतर,” ते म्हणाले, “हे निकषांत दिसलं नाही. तेवढं आपण पाहून सांगा, गुरुजी.”

सगळं आयुष्य ज्याला ‘अरे निख्या’ म्हटलं, त्याला त्यांनी ‘आपण’ म्हटलं. निखिलचा चेहरा असा झाला की मला त्याची मुंज आठवली. भिक्षावळीत आईसमोर झोळी धरताना तो असाच उभा होता.

त्यानं आधी टॅबलेटकडे बघितलं, मग आईकडे. वहिनींनी गुडघ्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

निखिलनं चौकोन दाबला. मग टॅबलेट माझ्या काउंटरवर ठेवून तो खाली बसला, त्या ओल्या दगडांवर, आणि बापाचे दोन्ही खांदे धरून त्यांना उठवलं.

“दर महिन्याला येईन मी,” तो म्हणाला. “पाहणीला. आणि आईला त्या डॉक्टरांकडे मीच नेणार. आणि त्या कोपऱ्यावरच्या चार पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवायचा, या आठवड्यात.”

“जशी आज्ञा,” विनायकराव म्हणाले.

“बाबा, प्लीज.”

परवानगीचं पत्र आलं तेव्हा विनायकरावांनी ते माझ्याकडे फ्रेमला आणलं. कोपऱ्यावर कठडा बसला होता. मी माप घेता घेता विचारलंच. शास्त्रीबुवाही कान देऊन बसले होते.

“विनायकराव, इतके महिने पोटात आहे. त्या दिवशीचा तो नमस्कार. ती टेक्निक होती, की खरा होता?”

विनायकरावांनी माझ्याकडे बघितलं. मग हनुवटी हळूहळू आकाशाकडे केली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्यांचा डावा गाल फुगलेला आहे.

“ऊँ,” ते म्हणाले.